उन्हात ठेवलेल्या विहिरी

माझे वडील, आमचे दादा, विहिरी खोदायचे आणि आमच्या घरात पाणी नव्हतं. बोरी बुद्रुकला आमच्या वस्तीच्या टोकाला एकच नळ होता, तोही एक दिवसाआड यायचा. मी हंडा लावून नंबर धरायचे आणि रांगेतच पाढे म्हणायचे. आई आणि दादा तेव्हा राजुरीत, नाहीतर पिंपळवंडीत कुणाच्या तरी विहिरीवर असायचे. दादा सुरुंगाची भोकं पाडायचे, आई तळाशी फुटलेला दगड भरायची, वर काठावर बसवलेली यारी तो दोराने उचलून बाहेर घ्यायची. सुरुंगांनी दादांचा एक कान गेला. आमच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. सातबारा कसा दिसतो, ते मी नोकरीला लागल्यावर पाहिलं.

मी घरातली पहिली पदवीधर. कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. केलं, मंचरला एका ऑफिसात लागले, तिथंच भाड्यानं खोली घेतली. हे मी मान वर करून सांगते. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

स्कुटी घेतली तेव्हा दादा म्हणाले, "चल, तुला माझ्या विहिरी दावतो." मग दर रविवारी ते माझ्या मागं बसायचे. विहीर आली की कठड्यावर एक पाय ठेवून उभे राहायचे. आतला खडक दिसेल असा मी मोबाईलवर फोटो काढायचे, फाईलला नाव द्यायचे आणि त्यांना ऐकू जावं म्हणून ते ओरडून वाचायचे. "राजुरी, ओढ्याकाठची, पंचेचाळीस फूट."

"सत्तेचाळीस," दादा म्हणायचे.

एका विहिरीवर मालकाचा पोरगा म्हणाला, "पावणं, आमची ही जेसीबीनं खोदलीय."

"आसंल," दादा म्हणाले. "मग त्या जेसीबीचा हा कान गेला बघा." आणि त्याला कान दाखवला.

अशा त्र्याण्णव विहिरी झाल्या. मोबाईल भरला म्हणून सगळे फोटो हार्ड डिस्कवर टाकले आणि मोबाईलमधले काढून टाकले. डिस्क बोरीला आईच्या ट्रंकेत ठेवली, माझ्या डिग्रीच्या कागदाशेजारी. आमच्याकडं जपायची वस्तू तिथंच जाते. दुसरी प्रत केली नाही. ऑफिसात मात्र मी सगळ्यांना दोन प्रती ठेवायला सांगते.

दादा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा त्यांना बघावंसं वाटलं, म्हणून डिस्क लॅपटॉपला लावली. टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि ती गप्प झाली.

आई चुलीपुढून म्हणाली, "चालंल की. चांगलं दोन दिस ऊन दावलंय तिला."

दरवर्षी कडक उन्हाळ्यात आई ट्रंक रिकामी करते. गोधड्या, ठेवणीतली लुगडी, माझी सर्टिफिकेटं, सगळं पत्र्यावर पसरते, बुरशी धरू नये म्हणून. "मिरच्यांशेजारी ठिवली व्हती. दमट लागत व्हती हाताला."

"बरं केलंस," मी म्हटलं आणि डिस्क पिशवीत घातली. ती उन्हानंच बिघडली की आधीच बिघडत आली होती, मला सांगता येणार नाही.

नारायणगावात एका दुकानदाराला दाखवली. त्यानं कानाला लावून ऐकली. "ताई, हिचं इथं काय न्हाई व्हायचं. काय व्हतं आत? लग्नाचे फोटो?"

"विहिरींचे."

"तुमच्या?"

"लोकांच्या."

"मग लोकांच्या विहिरी कुठं पळाल्यात? परत काढा की फोटो."

विहिरी होत्याच जागेवर. फोटोत दादा होते. आणि कोणती विहीर त्यांची, हे फक्त त्या फायलींच्या नावात लिहिलेलं होतं. सातबाऱ्यावर खोदणाऱ्याचं नाव येत नाही.

डिस्क परत घेतली. शिकले कशाला मग? खोलीवर रविवारी बसायचं ठरवलं. गार असली की ती वीसेक मिनिटं चालायची, तापली की टकटक करून थांबायची. मी ती उपड्या ताटावर ठेवून टेबलफॅन तिच्यावर सोडायचे. लॅपटॉपमधला प्रोग्राम खराब जागा सोडून चांगल्या जागा आधी उचलायचा. डिस्क थांबली की गार होईपर्यंत नुसतं बसून राहायचं. घरमालकीण दारातून विचारायची, "सुट्टीचं कुठं जात न्हाई का गं? कुणी मैतरीण नाय का?" मी म्हणायचे, काम आहे. दादा होते तेव्हा रविवारी आम्ही दोघं रस्त्यावर असायचो. आता फॅनचा आवाज आणि मी. आईला सांगता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं.

सहा रविवार गेले. त्र्याण्णवपैकी एकसष्ट फोटो आले, पण नावं गेली होती. त्यांच्या जागी नुसते लांबलचक आकडे. एकसष्ट ठिकाणी दादा पाय ठेवून उभे होते आणि मला चार-पाच विहिरीसुद्धा धड ओळखता येईनात. फोटो काढताना मी दादांचंच तोंड बघत आले होते.

लॅपटॉप घेऊन बोरीला गेले. नावं पुसली गेलीत, एवढं आईला सांगितलं.

"उन्हानं?" तिनं विचारलं.

"दुसरी प्रत मी ठेवली नव्हती."

ती पदरानं चष्मा पुसून पुढं सरकली. "जरा मोठं कर. त्यांना नको, खालचं दाव."

मी खडक मोठा केला.

"हा मांजऱ्या दगड. फुटता फुटंना, लई रडवलं ह्यानं. पिंपळवंडीची ही, आंब्याखालची." पुढचा फोटो. "ही आपल्या बोरीची, नदीकडली. राखेवानी पांढरी माती निघाली व्हती, त्यो पट्टा बघ. डोळ्यांत जायची."

एकेक करत ती सांगत गेली. चार फोटोंवर थांबली. पुन्हा पुन्हा बघितलं.

"ह्या मला न्हाई ठाव. तवा मी माहेरी व्हते, तुझ्या टायमाला."

ते चार फोटो आकड्यांनीच राहिले. बत्तीस आलेच नाहीत. सत्तावन्न फायलींना मी पुन्हा नावं दिली: गाव, जागा, लागलेला खडक, आणि शेवटी आई-दादा दोघांची नावं. एक प्रत मंचरला आहे, एक बोरीला ट्रंकेत.