कोरडी काजळी

गेल्या हिवाळ्यात मी वडिलांना घेऊन त्यांची चाळीस वर्षांची मोटार भंगारात द्यायला बीडकडे निघालो होतो. गावातल्या मेकॅनिकने काळे पडलेले स्पार्क प्लग दाखवून सांगितलं होतं, इंजिन तेल खातंय, आता गाडी संपली. चौसाळ्याजवळ गाडी धक्के देत बंद पडली.

रस्त्याकडेच्या गॅरेजातून एक पन्नाशीचा माणूस पाना घेऊन आला. त्याने चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. सगळे काळे होते. त्याने काजळी बोटांत चोळली, फुंकली आणि हात वडिलांपुढे धरला.

"बघा काका, कोरडी हाय. तेलाची असती तर चिकटली असती. इंजिन लई चांगलं हाय तुमचं. आतले ठिणगीचे पॉइंट झिजलेत, म्हनून ठिणगी कमजोर झालीय अन् उशिरा पडायलीय, पेट्रोल नीट जळंना."

इतके दिवस आम्ही सगळे नुसता काळा रंग बघत होतो. बोट कुणीच लावलं नव्हतं.

पॉइंट घासून, त्यांच्यातली फट मोजून, प्लग पुसून परत बसवल्यावर त्याने मला गाडी चालू करायला सांगितली. मग डोळे मिटून तो ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर, केसभर फिरवत राहिला. फडफड कमी होत गेली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं, तरी त्याचे डोळे मिटलेलेच होते.

"आता विकायची असंल तर विका," तो म्हणाला, "पन भंगार म्हनून नका विकू."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वडिलांनी मला बाजूला सरकायला सांगितलं, स्टिअरिंग हातात घेतलं आणि गाडी गावाकडे वळवली.