परत आलेली शिलाई मशीन

रमजानमध्ये आमच्या गल्लीतल्या बायकांची जकात, म्हणजे वर्षभराच्या शिलकीतून गरिबांसाठी काढायचा वाटा, गोळा करून गरजू बायांपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे असतं. मी निवृत्त शिक्षिका, तेव्हा कुणाला काय हवं ते मलाच जास्त कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. विधवा म्हटली की शिलाई मशीन. विषय संपला.

पैठणजवळ धरणाच्या काठावर राहणाऱ्या एका बाईलाही मी मशीनच पाठवली. तिचा नवरा जलाशयात मासेमारी करायचा. तो गेला, जाळं कुजलं, होडी तेवढी उरली. जाळं मिळालं नाही तर घर बंद करून वाळूजला भावाच्या आश्रयाला जायची पाळी तिच्यावर आली होती. मला हे माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

आठवड्याभरात ती एसटीनं थेट माझ्या दारात. भर दुपारी, रोजा असताना, मशीन डोक्यावर.

"बाजी," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं ती म्हणाली, "मला शिवाया येत नाय. जाळं द्या."

माझं डोकंच फिरलं. "मिळतंय तर नखरे कशाला?" मी फाडकन बोलले. आज आठवलं की लाज वाटते. वर ऐकवलं, "दिलेली जकात परत घेत नसतात. ती तुझी झाली."

"माझी झाली ना? मंग मी इकते, अन् जाळं घेते."

वर्गात कधी कुणी माझंच वाक्य असं माझ्यावर उलटवलं नव्हतं.

तिनं मोठ्या छिद्रांचं जाळं घेतलं. काठावरचे पुरुष हसले. निम्मे मासे निसटतील म्हणाले. "बारके जाऊ द्या की," ती म्हणायची, "मोठे झाल्यावर येतेलच." पहिलं वर्ष ओढाताणीत गेलं. दुसऱ्या वर्षी तिच्या जाळ्यातले भरदार कटले घ्यायला व्यापारी काठावर येऊन थांबायला लागले. हसणाऱ्यांपैकी दोघांनी गुपचूप तसलंच जाळं आणलं.

यंदा रमजानमध्ये मी तिच्यासाठी जकातीचा शिधा घेऊन गेले. तिनं पिशवीला हात लावला नाही.

"हे आता मला चालत नाय, बाजी. औंदा गाठीला शिल्लक हाय, जकात देणं माझ्यावरच फर्ज झालं."

ओढणीच्या गाठीतून नोटा काढून तिनं माझ्या हातात ठेवल्या. तिथंच, होडीच्या काठावर बसून मी खुशाल रडले. मग डोळे पुसून विचारलं, "कुणाला देऊ?"

"कुणाला बी द्या. पण आधी तिला इचारा, काय पायजे ते."