दगडाबाईनं मला कोरेगाव पार्क दाखवलं

दौंडच्या रेल्वे कॉलनीत दगडाबाईला वळखत न्हाई असं एक दार न्हवतं. स्नेहल, तुला बी तिनं लहानपनी गाजरं दिल्यात, तुला आठवायचं न्हाई. आमी दोघी एकाच गावात दिलेल्या, दोघींची रानं नदीकडंला, बांधाला बांध. सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची आन् कॉलनीत हिंडायचं. मी एका अंगानं, ती दुसऱ्या अंगानं. माजी पाटी लवकर रिकामी व्हायची. तिची न्हाई, कारन ती दारादारात बसायची. गार्डसायबाच्या बायकूचा कुठला गुडघा दुखतोय, ड्रायवरची पोरगी बाळातपनाला कवा येनार, समदं तिला ठावं. मी म्हनायची, "भाजी इकायला जातीस का बोलायला?" तर म्हनायची, "बोलायलाच जाती. भाजी आपली वरनं देती."

मग तिचं मालक हौसराव गेलं. रविराज तिचा एकुलता पोरगा, पुन्यात कंपनीत सायेब. त्यानं रान वाट्यानं लावलं, घराला कुलूप घातलं आन् आईला घेऊन गेला. कोरेगाव पार्कात. शिरूरच्या वाटंवरचं कोरेगाव न्हवं, ह्ये पुन्यातलं, मोठ्या लोकांचं. गावातल्या बायका म्हनल्या, दगडाबाईनं नशीब काढलं.

तिचा मला रोज फोन. रोज एकच बोलनं. "ये की गं. तुला हितलं समदं दाखवती. चार दिस ऱ्हा माज्यापाशी."

मी कशी ऱ्हानार? तुज्या आबांचं, माज्या मालकांचं, डावं अंग गेल्यालं. भरवायचं मी, कूस बदलायची मी. शेवटाला शेजारची रुपाली म्हनली, "काकी, एक दिस मी बघती आबांकडं. पर सांजच्याला या बरं का, माजी बी पोरं हायत." तवा कुठं मी सकाळच्या गाडीत बसले.

ठेसनावर दगडाबाई न्यायला आल्याली. मी आधीच सांगून टाकलं, "दगडे, मी चारच्या गाडीनं माघारी जानार हाय."

"बरं बरं, आधी घरी तर चल."

घर सातव्या मजल्यावर. घरात कोन न्हाई. रविराज आन् सून अनुपमा हापिसात, नात सृष्टी शाळंत, तितनं परस्पर क्लासला. दगडाबाईच्या खोलीत पलंगाच्या बाजूला खाली गादी घातल्याली, वर कोरी चादर, घडीसुदीक न मोडल्याली. माज्यासाठी. मी बघितलं आन् पिशवी खांद्यालाच ठिवली.

जेवन झाल्यावर ती म्हनली, "चल, गाव दाखवती."

आपल्याकडं कसं, पाव्हनी आली की देऊळ दाखवायचं, इहीर दाखवायची, साळा दाखवायची. तसं तिनं पदर खवून मला पुढं घातलं. समद्या गल्ल्यांस्नी वड, दोन्ही बाजूंनी. पारंब्या कापल्याल्या, गाड्यांस्नी लागाय नकोत म्हनून. एका वडाखाली रिक्षावाला पाय भाईर काढून घोरत व्हता. तिथनं म्होरं कुत्र्यांच्या अंघुळीचं दुकान. खरंच सांगते, एक झिपरं कुत्रं टेबलावर उभं आन् एक पोरगी त्येचं केस इंचरत व्हती.

मी म्हनले, "हौसरावांनी कवा तुजं केस इंचरलं का गं?"

"मेलं ते, त्यास्नी सवताचं डोस्कं इंचरायचं जमत न्हवतं," म्हनून हसली. लय दिसानं हसल्यासारखी हसली.

मग काचंमागं मानसं पट्ट्यावर पळत व्हती. मी म्हनले, "कुठं निघाल्यात?" ती म्हनली, "कुठंच न्हाई. घाम आला की उतरत्यात आन् गाडीत बसून घरी जात्यात." म्होरं एका मोठ्या इमारतीफुडं काळा दगूड उभा, मानसाएवढा. मी वाकून हात जोडाय लागले, तर तिनं माजं हातच धरलं.

"ह्यो देव न्हाई बाई. शोभंचा दगूड हाय. मला बी आधी म्हसोबाच वाटला. मी आठ दिस कुंकू लावलं, फूल व्हायलं. मग वॉचमननं मला हेरली आन् पान्याची बादलीच आनून दिली. म्हनला, मावशी, धुवा आता."

"मग धुतलंस?"

"धुतलं. तरी येता-जाता नमस्कार करती. कुंकू लावल्याला हाय ना एकदा."

मग पुलावर नेलं. खाली नदी. वास असा की मी पदर नाकाला लावला. ती मातुर कठड्याला टेकून उभी. म्हनली, "ह्येच पानी भीमंला मिळतं आन् आपल्या दौंडावरनं जातं. बिनतिकिटाचं." मी म्हनले, "चल, मला उशीर व्हईल." तर म्हनली, "एक राह्यलंय अजून, लांब न्हाई."

एका गल्लीतनं दुसऱ्या, दुसरीतनं तिसऱ्या. पाय भरून आलं. एका वॉचमनला टाइम इचारला, साडेतीन. आन् म्होरं बघते तर वड, आन् खाली रिक्षावाला, पाय भाईर.

"दगडे, ह्यो वड मघाशी बघितला."

"न्हाई गं. हितलं वड समदं सारखंच."

"आन् रिक्षावालं बी सारखंच?"

गावाकडं पाव्हनीनं जाऊ न्हाई म्हनून पिशवी लपवत्यात, चपला लपवत्यात. माजी पिशवी माज्या खांद्याला, म्हनून तिनं मला फिरवत ठेवली.

"एक गाडी चुकली तर काय व्हतं गं?" म्हनली. "सकाळची हाय की."

"आबांस्नी कोन भरवंल?"

तिला ठावं व्हतं. ती खाली बघत बोलाय लागली. "दिसभर मला नावानं कोन हाक मारत न्हाई. सृष्टी आजी म्हंती, ती बी दिवं लागल्यावर येती. वॉचमन म्हंतो सातशेदोनवाल्या. सकाळी ठेसनावर तू दगडे म्हनलीस, तवा मीच इकडं तिकडं बघितलं, कुनाला म्हंती म्हनून."

मी म्हनले, "चल माज्या संगं. आत्ता, अशीच."

"कुठं येऊ? घराला कुलूप, रान दुसऱ्याच्या हातात. आन् रविराजला काय सांगू? त्यो वाईट वागत न्हाई गं. वाईट वागला असता तर आले असते."

मी तिचा हात धरून उभी. तिनंच हात सोडवला आन् रिक्षाच्या टपावर थाप मारली.

"ए बाबा, ऊठ! बाईला ठेसनात सोड."

त्यो डोळं चोळत म्हनला, "कहाँ जाना है, मावशी?"

"ठेसन म्हनलं ना! दौंडची गाडी हाय तिची. चुकली तर तुज्या नावानं बोंब मारीन हितं." मला आत बसवलं, पदर चाकात जाऊ न्हाई म्हनून माज्या मांडीखाली सारला, आन् म्हनली, "जा. आबा वाट बघत असत्याल."

गाडी घावली. दारापाशी खाली बसायला जागा मिळाली. हडपसरला तिचा फोन, "कुठं आलीस?" उरळीला फोन. यवतला फोन. केडगावला परत. दुसरं काय बोलायची न्हाई, ठेसनाचं नाव इचारायची आन् ठेवायची. दौंडला उतरले तवा मीच लावला.

"पोचले गं."

"बरं झालं. भरव जा त्यास्नी."

"तू काय करतीस?"

"बसलेय."

"घरात?"

"न्हाई, वडाखाली. तुजी रिक्षा गेली, जागा मोकळी झाली."

"दोन तास झालं की गं. घरी जा."

"जाते," म्हनली. "सृष्टीला यायला अजून लय येळ हाय."