अक्काचं रसाचं यंत्र

अक्का गेल्याची बातमी आमच्या दारी वांग्यांच्या पाट्यांबरोबर आली. आमच्या गावाकडचा, साखरखेर्ड्याचा शेजारी चिखलीच्या बाजाराला माळवं घेऊन आला होता. पाट्या उतरवण्याआधी तो आमच्याकडे आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "काकू, तुमच्या मोठ्या बाई पहाटंच गेल्या. त्यांचा वसंता वाट पाहून राह्यला." मी चुलीवरचं दूध उतरवलं, ह्यांना हाक मारली. मिळेल त्या बसनं आम्ही दोघं साखरखेर्ड्याला गेलो. आता महिना उलटून गेलाय, पण अक्काविषयी बोलायला बसलं की अजून त्या वांग्यांच्या पाट्याच आधी डोळ्यांपुढे येतात...

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंच्या ते ध्यानात येऊ नये म्हणून अक्का माझ्या वाटणीच्या भाकरी थापायची आणि टोपलं हळूच माझ्याकडे सरकवायची. त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. तिचं बोलणंच कमी. मळ्यात भाजीपाला, विहिरीकडेला मोसंबीची थोडी झाडं, घरात माणसांचा राबता, आणि या सगळ्याच्या मध्ये अक्का, पदर खोचून सतत काहीतरी करत असलेली.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा थोरल्या दिरांचा घसा धरला. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत. आधी आवाज बसला, मग भाकरीचा तुकडा उतरेना, मग कण्यांची पातळ कण्हेरीसुद्धा उतरेना. हे त्यांना अकोल्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की भाऊ दिवाळी पाहणार नाहीत. जमेल तोवर गाळलेला रस द्या, भांडं मात्र स्वच्छ ठेवा. परत येताना ह्यांनी अकोल्याच्या बाजारातून हातानं फिरवायचं रसाचं यंत्र आणलं. आमच्या गावात ते कुणी पाहिलं नव्हतं. फळीच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, वरून सोललेल्या फोडी टाकायच्या आणि दांडा फिरवायचा. आतलं मळसूत्र फोडी चेपायचं आणि रस जाळीतून खाली वाटीत पडायचा. मळसूत्र आणि जाळी दोन्ही पितळी, आतून-बाहेरून कल्हई केलेली.

पितळ आणि आंबट रस. याचा अर्थ आमच्या पिढीतल्या बाईला वेगळा सांगावा लागत नाही. कल्हई उडाली की रस पितळेला लागून कळकणार, हिरवट पडणार, आणि कळकलेलं पोटात गेलं की वांत्या. अक्कानं पहिल्या दिवशीच यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि ते धुण्याचं काम स्वतःकडे घेतलं. रस काढून झाला की भाऊंना पाजायची आणि लगेच यंत्र खोलायला बसायची. चोथा वाळू द्यायचा नाही. जाळीचं एकेक भोक कडुलिंबाच्या काडीनं मोकळं करायचं. राख लावायची नाही, चिंच लावायची नाही, त्यानं कल्हई उडते. कढत पाणी, जुन्या धोतराचा मऊ तुकडा, मग सुपात मांडून वरून पांढरं फडकं टाकून ऊन. दांडा फिरतो तिथे गोडतेलाचं एक बोट. कल्हईवाला बाजाराच्या दिवशी भाता लावून बसायचा, त्याच्याकडे ती स्वतः जायची आणि काम होईपर्यंत तिथून हलायची नाही. तो चिडवायचा, "बाई, पाहारा देऊन राह्यल्या का?" अक्का मान डोलवून म्हणायची, "हाव."

भाऊ दिवाळीच्या आधीच गेले. शेवटच्या दोन दिवसांत पोटात काही राहीना. वांती हिरवट पडायची. सासूबाईंनी ती पाहिली.

दुखवट्याला बायका जमल्या होत्या. माजघर भरलेलं. सासूबाई भिंतीला टेकून होत्या, डोळे कोरडे. कुणीतरी म्हणालं, रोगच वाईट होता. त्यावर त्या एकदम ताठ झाल्या. "रोगानं नव्हता मरत माहा लेक. कळकलेला रस पाजला त्याले. दोन पितळी तुकडे घासता आले नाही हिले!" बायकांच्या नजरा अक्काकडे वळल्या. अक्का कोपऱ्यात, गुडघ्यात मान घालून. तिनं मान वर केली नाही. शेजारी वसंता होता, तिचा एकुलता एक, शाळकरी पोर. तो आईकडे बघत होता. ह्यांनी त्या दिवशी आईला डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं, पुढेही कितीदा सांगितलं. त्या म्हणायच्या, "डाक्टरनं कल्हई पाह्यली होती का?"

गावाला तेवढं पुरलं. संक्रांतीला अक्काच्या हातचा तिळगूळ घेत, पण चैत्रात पन्हं दिलं की बायका पेला ओठाला लावून खाली ठेवत. एकदा तर कोणीतरी मोठ्यानं हसलं. अक्कानं ते भरलेले पेले मोरीत ओतले, घासले, पालथे घातले. त्यानंतर तिनं कुणाला पन्हं दिलं नाही.

मी एकदा न राहवून विचारलं, "अक्का, तुम्ही काऊन बोलत नाही? तुमच्याएवढं स्वच्छ कोण ठेवते?" ती मेथी निवडत होती. हातातली जुडी तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या आठवड्यात मी जाळी उजेडात धरून पाह्यली होती, सुमन. कल्हई होती. पक्की होती. पण आता आठवाले गेली, की तीच जाळी मले उडालेली दिसते... मंग मी कोन्या तोंडानं बोलू?"

त्या दिवशी मला कळलं, की सासूबाईंनी तिला नुसता बोल लावला नव्हता. तिच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसाच काढून घेतला होता.

पुढे काही वर्षांनी सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, चावता येईना. आम्ही तोवर चिखलीला राहायला गेलो होतो. मी जाऊन-येऊन असायची. अक्कानं यंत्र फळीवरून काढलं आणि सासूबाईंच्या खाटेसमोर बसून, त्यांना दिसेल असं, एकेक भाग धुतला. जाळी खिडकीच्या उजेडात त्यांच्यापुढे धरली. रस काढला, अर्धी वाटी स्वतः प्यायली आणि तशीच बसून राहिली. मग दुसरी वाटी पुढे केली. "घ्या, आत्याबाई." सासूबाईंनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी भुकेनं त्यांचे ओठ उघडले. अक्कानं चमच्या-चमच्यानं पाजलं, हनुवटी पुसली. आणि संध्याकाळी समाचाराला आलेल्या बाईला सासूबाई त्या अडखळत्या जिभेनं म्हणाल्या, "हिच्या हातचा रस... पिऊन राह्यली. पाहू काय होते."

त्या त्याच रसावर वर्षभर जगल्या. मागचं बोलणं काही मागे घेतलं नाही. गेल्या तेव्हा त्यांचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं.

अक्काची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा तिचं खाणं सुटलं होतं. पन्नाशी जेमतेम ओलांडलेली, पण अंथरुणात दिसत नव्हती इतकी वाळलेली. मी मोसंबी नेली होती. यंत्र काढून फळीला लावायला गेले तशी ती म्हणाली, "राहू दे ते."

"दोन घोट घ्या, अक्का."

"तुह्या हातचा नको मले."

मला लागलं. मी म्हटलं, "काऊन? माझ्या हाताले काय झालं?"

तिनं माझं मनगट धरलं. बोटं थंड होती. "उद्या मी गेली, त तुह्या हातचा रस शेवटचा ठरंल. लोकं काय बोलतात ते मी आयकलं हाये, सुमन. तुले नको ते."

मी खूप विनवलं. तिनं पाणी मागितलं आणि पेला स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून प्यायली. मला धरू दिला नाही.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. वसंता माझ्याजवळ येऊन बसला. तिशी गाठलेला माणूस, मळा सांभाळतो, घरात बायको आहे. जमिनीकडे बघत म्हणाला, "काकू, एक विचारू? आजी म्हणायची ते खरं होतं का?"

मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "नाही."

त्यानं जमिनीवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "मंग आईनं मले कधी काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं होतं का रे तिला?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मग गडी माणूस माझ्यासमोर तोंड झाकून रडला, आणि मी त्याला रडू दिलं.

निघताना त्यानं यंत्र माझ्या पिशवीत ठेवलं. ते आता चिखलीला, माझ्या स्वयंपाकघरात आहे. काल ऊन चांगलं पडलं होतं. मी ते खोललं, काडीनं जाळीची भोकं मोकळी केली, कढत पाण्यानं धुतलं आणि सुपात मांडून वर फडकं टाकलं. घरात कुणी आजारी नाही. मोसंबीही नव्हती.