गाऊन सांगायचं, बोलून नाही

अकोल्याहून शेंदूरजनाघाटला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. झाडं संत्र्यांनी वाकलेली असतात, रस्ताही आता गुळगुळीत आहे. मी गेलो तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, रस्त्यावर नुसता फुफाटा होता, आणि तिथली संत्री मला आठवणीतसुद्धा आंबट लागतात.

जठारपेठेत दर रविवारी आमचं एक मंडळ जमायचं. शाळेच्या पुस्तकातल्या कवितांना चाली लावायच्या आणि मागेल त्या शाळेला फुकट द्यायच्या. चाल कोणाच्या मालकीची नाही, वाटेल त्याने बदलावी. अट एकच: बदल गाऊन दाखवायचा, त्यावर भाषण करायचं नाही.

ही अट मधूसाठी घातली होती. भिक्षुकाच्या घरचा हा तरुण बोलताना पहिल्याच अक्षराला अडायचा. गाताना मात्र पाण्यासारखा वाहायचा. दुसऱ्या कौतिकाबाई, भाजीचा मळा करणाऱ्या, आवाजाने आठवडी बाजार हलवणाऱ्या. तिसरे बापूसाहेब वकील. गळा नाही, जीभ मात्र अखंड. आणि चौथा मी, कवितावेडा मास्तर.

अमरावतीच्या शिक्षकांना आणि शेंदूरजनाघाटच्या शाळेला चाली द्यायला आम्ही चौघे एसटीने निघालो. मूर्तिजापूरला चहा आणि गरम भजी घेतली. तिथली भजी सोडू नका.

"वकीलसाहेब, गाडी बंद पडली तरी तुमी बोलतच राहाल," कौतिकाबाई म्हणाल्या.

"बाई, बोलण्यावरच पोट आहे माझं."

"मंग थोडं मधूले उसनं द्या ना."

सगळ्यांत जास्त मधूच हसला.

बडनेऱ्यावरून अमरावतीला पोचलो. एका शाळेत गावोगावचे शिक्षक जमले होते. सांजवेळी घरट्याकडे परतणाऱ्या पाखरांची एक कविता होती. तिची शेवटची ओळ मधूने नव्याने बांधली होती, पाखरू फांदीवर टेकावं तशी हलके उतरणारी. तो गायला उभा राहिला. अध्यक्षाच्या खुर्चीत आमचेच वकील.

"आधी कारण सांगा. चाल का बदलली?"

मधूचे ओठ हलले. पहिलं अक्षर निघेना.

"हं, पुढे?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी उठलो. "आपला नियम गाण्याचा आहे."

"गुरुजी, तो नियम अकोल्याचा. ही अमरावती आहे."

"काहून छळून राहिले त्याले?" कौतिकाबाई कडाडल्या. "गाऊ द्या ना."

पण हात वर झाले. जुनी चाल पक्की ठरली. यापुढे कोणतीच चाल कोणी बदलायची नाही, असा ठरावही झाला. मधूचा सूर न ऐकताच ज्यांनी हात वर केले ते शिक्षक होते, हे आठवलं की आजही माझ्या कानशिलाची शीर उडते. जो मोठ्याने बोलतो तो शहाणा, हे आम्हाला कोणी शिकवलं? चार जण चार तऱ्हेचे असतील तर काम करायची तऱ्हा एकट्या वकिलाची का?

सकाळी मधू अकोल्याच्या गाडीत बसला. आम्ही तिघे मोर्शी, वरूड करत शेंदूरजनाघाटला गेलो. तिथल्या एका बागवानाने ओंजळभर संत्री दिली.

तिथल्या शाळेत कौतिकाबाईंनी पाखरांची कविता धरली आणि शेवटी सरळ मधूची ओळ गायल्या. श्वास मात्र भलत्याच जागी तोडला.

"बाई, ठराव झालाय," वकील म्हणाले.

"मंग तुमची पक्की चाल गाऊन दाखवा. मी गप बसतो."

पोरं वकिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. वकिलांनी खाकरून घसा साफ केला, रुमाल काढला, परत खिशात घातला. तेवढ्यात अख्ख्या वर्गाने मधूची ओळ उचलली, भलत्या श्वासासकट.

अकोल्यात उतरून मी तडक मधूकडे गेलो. पोरांनी कशी म्हटली ते गाऊन दाखवलं. त्याने हाताने खूण केली, परत. मी परत गायलो. तिसऱ्यांदा तोही गायला, बाईंचा तो श्वास तसाच ठेवून.

पण रविवारी तो आला नाही. पुढेही कधी नाही. मंडळाकडे पक्क्या चाली उरल्या आणि त्या कोणी मागेना.

तेव्हाची पोरं आता आजोबा झाली असतील. शेंदूरजनाघाटला त्यांतलं कोणी भेटलं तर पाखरांची कविता म्हणायला सांगा. शेवटची ओळ आणखी बदललेली निघाली तर ती कशी आहे हे मला लिहून कळवू नका. गाऊन पाठवा.