मालगाडीवरचे रणगाडे

मुलगी मेडिकल शिकायला लिथुआनियाला गेली तेव्हा तो देश नकाशावर नेमका दाखवू शकणारी सौदीतल्या आमच्या जुबैलच्या क्लिनिकात एकच व्यक्ती होती, दातांची डॉक्टर. ती शेजारच्या बेलारूसची. मी तिथे एक्स-रे काढते. तिचे पेशंट जबड्याच्या एक्स-रेसाठी माझ्याकडे यायचे, म्हणून आमची दिवसातून दहादा गाठ पडायची. दुपारी क्लिनिक बंद असताना दोघी माझ्या खोलीत चहा घ्यायचो.

"तुझ्या मुलीचं शहर माझ्या गावापासून तीन तासांवर," ती एकदा म्हणाली. "पण मधे सरहद्द आहे. आता तीन तासांत कुणी पोचत नाही."

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता सरहद्दीच्या दोन्ही अंगांना लष्करी सराव सुरू झाले. पलीकडे बेलारूसची फौज रशियाबरोबर, अलीकडे लिथुआनियाची आपल्या दोस्त देशांबरोबर. मुलीने होस्टेलच्या खिडकीतून फोटो काढून पाठवला. लांबलचक मालगाडी, तिच्यावर ताडपत्रीने अर्धेमुर्धे झाकलेले रणगाडे. खाली लिहिलं होतं, "अम्मी, मोजून थकले."

मी कौतुकाने तो डॉक्टरला दाखवला. तिने कप खाली ठेवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि एकेक डबा बघत गेली.

"हा मला पाठव."

मी पाठवला. क्षणभरही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "गाडी कुठल्या दिशेला जात होती?" तिसऱ्या दिवशी, "खिडकीतून आणखी काही दिसतं का गं मुलीला?" दात काढणाऱ्या बाईला गाडीची दिशा कशाला हवी?

घरी मुलीच्या अब्बांना सांगितलं. ते प्लांटमधून शिफ्ट संपवून आले होते, बूटही काढले नव्हते. "फोटो दिलास? फौजेचा? आणि तोही पलीकडच्या देशाच्या बाईला?" ते म्हणाले, "आपण इथे रोजीरोटीला आलोय. राहायचा परवाना, इकामा, मालकाच्या, कफीलच्या हातात, पोरगी तिकडे परमुलखात. काही झालं तर कुणाचं दार ठोठावशील?"

तेव्हापासून मी डॉक्टरवर नजर ठेवू लागले. फोन आला की ती कॉरिडॉरच्या टोकाला जायची, तिच्या भाषेत बोलायची. मी दिसले की आवाज बारीक. आधीही तशीच बोलत असेल, पण संशय शिरला की समोरच्याचं खोकणंही खुणेचं वाटतं.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. "अम्मी, तो फोटो डिलीट कर. युनिव्हर्सिटीने सगळ्या फॉरेन स्टुडंट्सना मेल केलाय. फौजेचे फोटो काढले तर व्हिसा जाईल. एकीला पोलिसांनी बोलावलंय." मग जरा थांबून, "तू फॉरवर्ड नाही ना केलास कुणाला?"

"नाही," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

शनिवारी पेशंट यायच्या आधी मी डॉक्टरच्या खोलीत गेले, दार लावलं. "तो फोटो काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

तिने काही न विचारता काढून टाकला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"पुढे कुणाला पाठवलात?"

तिने हातमोजे उतरवले. "माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. रणगाडे दुरुस्त करतो. सराव सुरू झाल्यावर त्यांचे फोन काढून घेतले. आई रोज मला विचारते, मी कुणाला विचारू? त्याच्यासमोर काय उभं आहे, एवढं बघायचं होतं मला."

"चार वर्षं एकत्र चहा पितोय. भाऊ आहे असं कधी बोलला नाहीत."

"त्या फौजेत आहे म्हटलं असतं, तर तू चहाला बसली असतीस?"

तिने त्याचा फोटो दाखवला. नदीकाठी हातात मासा धरून उभा असलेला एक हडकुळा माणूस, साध्या कपड्यांतला. तो कुणाचाही भाऊ असू शकला असता. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलंच नव्हतं.

सराव संपले. कुठे काही घडलं नाही. एक दिवस ती माझ्या दारात आली, डोळे भरलेले. "त्याचा फोन आला." मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले, ते मनापासून म्हणाले. पण तिने चहाचं विचारलं तेव्हा रिपोर्ट बाकी आहेत असं सांगितलं. पुढेही रिपोर्ट बाकीच राहिले. थंडीत ती नोकरी बदलून दूर यान्बू शहरातल्या एका क्लिनिकात गेली. पोचल्यावर तिचा मेसेज आला होता. मी वाचला, उत्तर दिलं नाही. ती खोटं बोलली असं आजही म्हणवत नाही, आणि खरं बोलली असंही नाही.

सुट्टीत मुलगी आली तेव्हा जेवताना तिला सगळं सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललीस?"

तिच्या अब्बांनी मान खाली घातली. मी हो म्हणाले. ती पाण्याचा ग्लास घेऊन आतल्या खोलीत गेली.