शीकाकू आणि मॉलीचे ओठ

पुतण्यांनी तिचं नाव शीकाकू ठेवलं होतं, कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘शी!’ने सुरू व्हायचं. पण त्या घरात राहून पाहा, म्हणजे तिची बाजू कळेल. फ्रीजमध्ये लोण्याला खेटून गोठवलेल्या लाल अळ्यांची वडी. आंघोळीच्या मगात वळवळणाऱ्या किड्यांचा गोळा. मागच्या खोलीत भिंतभर काचेच्या टाक्या, आणि त्यांत मॉल्या, काकांचे करंगळीएवढे लाडके मासे. टाकीतलं घाण पाणी काढायला काका नळीला तोंड लावून ओढत, तोंडात आलेलं बेसिनमध्ये थुंकत आणि त्याच तोंडाने चहा मागत. इतकी वर्षं संसार झाला तरी तिला त्याची सवय झाली नव्हती.

काका जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडून दवाखान्यात अडकले, आणि मॉल्या हिच्या गळ्यात आल्या. रोज फोन यायचा. तू जेवलीस का, हे नावालाही नाही.

“मॉल्या कशा आहेत? त्या गेल्या तर मी घरी येऊन करू काय?”

मासे मेले तर उरलेला जन्म बोलणी खावी लागणार, हे शीकाकूला स्पष्ट दिसत होतं.

आणि नेमकं तेव्हाच माशांचं तोंड आलं. मोठ्या चंदेरी मॉलीच्या ओठांवर कापूस चिकटावा तसं पांढुरकं काही दिसलं. दुसऱ्या दिवशी ओठ झिजलेले. दाणा तोंडाजवळ यायचा आणि तसाच तळाला जायचा.

“बुरशी आहे,” काकांनी फोनवरून फर्मान काढलं. “हीटर वाढव. ऊब दिली की सगळं जातं.”

काकांचा आणि त्यांच्या मासेवेड्या मित्रांचा हा एकच मंत्र होता. अंगावर ठिपके आले, ऊब द्या. पोट फुगलं, ऊब द्या. मित्र मदतीला आले, एकच ओली जाळी सगळ्या टाक्यांत बुचकळली आणि माना डोलावून गेले. शीकाकूने हीटर वाढवला. सकाळी बऱ्याच मॉल्या पोट वर करून तरंगत होत्या, ओठांच्या जागी नुसती भोकं. शेजारच्या टाकीतही पांढरे ओठ दिसायला लागले होते. ती बेसिनवर जाऊन भडाभडा ओकली.

मग चूळ भरली, अजून जीव धरून असलेल्या चंदेरी मॉलीला पाण्यासकट डब्यात घातलं आणि कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“ओल्या कापडात धरा हिला.”

“मी?”

“मला दोन्ही हात लागतील, काकू.”

शीकाकूने डोळे मिटून धरलं. ते बुळबुळीत धडपडणं कापडातूनही हाताला लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी ओठांवरचं अलगद खरवडलं, काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिला दाखवलं. बारीक, लांब काड्या सरपटत होत्या.

“शी!”

“ही बुरशी नव्हेच, जंतू आहेत. उबेत यांचं चांगलंच फावतं. पाणी हळूहळू गार करा, आजारी मासे वेगळ्या टबात ठेवा, त्यातच हे औषध घाला. आणि जाळी प्रत्येक टाकीला वेगळी.”

संध्याकाळी फोन आला. “हीटर वाढवलास ना?”

“वाढवला,” ती धडधडीत खोटं बोलली आणि हीटरचा काटा आणखी खाली आणला. आता मेल्या तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं. टबावर वाकून ती रोज त्या किडक्या ओठांकडे बघायची, मळमळ गिळायची, औषध घालायची. एके दुपारी चंदेरी मॉलीने दाणा धरला आणि गिळला. शीकाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण माशासाठी रडतोय, याचीही तिला किळस वाटली.

काका कुबड्या टेकत घरी आले, तेव्हा मित्र जमलेच होते.

“बघा! बिछान्यात पडून, नुसत्या फोनवर बऱ्या केल्या. ऊब!”

मित्रांनी माना डोलावल्या.

“ऊब दिलेल्या त्या कुंडीत आहेत,” शीकाकू म्हणाली. “मीच पुरल्यात. या पोहतायत ना, त्या तुमचं न ऐकल्यामुळे जगल्यात.”

काकांनी टाकीत बोट बुडवलं. पाणी गार होतं.

“तू हात लावलास यांना?”

“लावला. किळस आली, तरी लावला. ‘सगळ्या गेल्या’ असं तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होते?”

काका सवयीने ओलं बोट शर्टाला पुसायला गेले.

“शी! साबणाने धुवा.”

काकांनी कुबड्या सावरल्या आणि मुकाट्याने बेसिनकडे निघाले.